मुद्रित मंडल फलकांची लघुप्रमाणावरील निर्मिती

इलेक्ट्रॉनिक उपकरणातील घटक ज्यावर बसवलेले असतात आणि ज्यावरील तांब्याच्या पातळ वाटांनी ते परस्परांशी जोडलेले असतात, अशा विद्युत् निरोधक पदार्थाच्या पट्टीला मुद्रित मंडल फलक असे म्हणतात. व्यवहारात ‘पीसीबी’ हेच नाव रूढ आहे. एखादी व्यक्ती, प्रयोगशाळा किंवा लहान उद्योग स्वतःच्या गरजेनुसार आराखडा तयार करून असे फलक पाच-दहा नगांपासून काहीशे नगांपर्यंत बनवून घेतो, तेव्हा त्यास लघुप्रमाणावरील निर्मिती म्हटले जाते. प्रायोगिक नमुने, विद्यार्थ्यांचे प्रकल्प, संशोधन उपकरणे, कारखान्यांतील विशेष नियंत्रक आणि बाजारात नुकतीच येणारी उत्पादने या सर्वांची गरज याच प्रकारे भागवली जाते.

ही निर्मिती दीर्घकाळ महाग होती आणि तिचे कारण कच्चा माल नव्हे, तर प्रत्येक नव्या आराखड्यामागे एकदाच करावा लागणारा पूर्वतयारीचा खर्च हे होते. अनेक ग्राहकांचे फलक एकाच पत्र्यावर एकत्र बनवण्याची पद्धत रूढ झाल्यावर हा खर्च विभागला गेला. मात्र फलक स्वस्त झाला तरी आराखडा अचूक असण्याची जबाबदारी पूर्वीसारखीच आराखडाकारावर राहिली आहे. कारखाना फाइलमध्ये जे असेल ते जसेच्या तसे बनवून देतो. मंडल चालेल की नाही हे तो पाहत नाही.

पार्श्वभूमी

निरोधक पृष्ठभागावर वाहक रेषा उमटवण्याच्या कल्पनेची एकस्वे विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतात. मूळचे ऑस्ट्रियातील अभियंते पॉल आइस्लर यांनी १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये मुद्रित मंडल असलेला रेडिओ संच तयार केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या सामीप्य-स्फोटकांत मुद्रित मंडलांचा वापर केला आणि १९४८ नंतर हे तंत्र नागरी उद्योगांस खुले झाले. तेव्हापासून ते प्रामुख्याने मोठ्या नगसंख्येचे तंत्र म्हणूनच वाढले. रेडिओ, दूरचित्रवाणी संच किंवा गणकयंत्र यांचे हजारो नग काढणाऱ्या उद्योगाला पूर्वतयारीचा खर्च जाणवत नसे.

एक-दोन नगच हवे असणाऱ्यांपुढे दोन पर्याय होते. पहिला म्हणजे समान अंतरावर छिद्रे असलेला तयार फलक. भारतीय बाजारात त्याला ‘झिरो पीसीबी’ म्हणतात. त्यावर घटक बसवून मागील बाजूने तारांनी जोडण्या करतात. दुसरा पर्याय घरीच फलक बनवण्याचा. तांब्याचा थर चढवलेल्या कोऱ्या फलकावर वाटांचे चित्र न विरघळणाऱ्या रंगाने काढतात, किंवा लेसर छपाईयंत्रातून गुळगुळीत कागदावर छापून इस्त्रीच्या उष्णतेने उतरवतात. मग फलक फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात. उघडे तांबे विरघळते आणि रंगाखालचे उरते. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पासाठी याच रीतीने फलक करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या झाल्या आणि बोटांवरचे तपकिरी डाग ही प्रकल्पाच्या महिन्याची ओळखच होती.

घरगुती पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. छिद्रांच्या आतील भिंतीवर तांबे चढवता येत नसल्याने फलकाच्या दोन्ही बाजू जोडण्यासाठी प्रत्येक ठिकाणी तार घालून डाख द्यावा लागतो. दोन्ही बाजूंची चित्रे एकमेकांवर नेमकी जुळवणे कठीण असते आणि संरक्षक लेप नसल्याने शेजारच्या दोन वाटांमध्ये डाख पसरतो. वापरलेल्या द्रावणाचा प्रश्न वेगळाच आहे. त्यात तांब्याचे क्षार असतात आणि ते जलचरांना घातक असल्यामुळे द्रावण मोरीत ओतून देणे अयोग्य आहे, तरीही बहुतेक वेळा तेच घडते.

खर्चाचे गणित

कारखान्यात फलक सुटे बनत नाहीत. सुमारे १८ इंच × २४ इंच (४५७ × ६१० मिलिमीटर) आकाराचा मोठा पत्रा सर्व प्रक्रियांतून जातो आणि शेवटी त्याचे फलक कापले जातात. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक नव्या आराखड्यासाठी प्रत्येक थराच्या फिल्म काढाव्या लागत. दुहेरी फलकासाठी तांब्याच्या दोन, संरक्षक लेपाच्या दोन आणि अक्षरांच्या एक किंवा दोन. शिवाय छिद्रण यंत्राची आज्ञावली, फाइल तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा वेळ आणि विद्युत् चाचणीसाठी त्या आराखड्यापुरताच उपयोगी पडणारा शेकडो सुयांचा साचा एवढी तयारी लागे. हा खर्च फलक एक असो वा हजार, तेवढाच राहतो.

उदाहरणार्थ, पूर्वतयारीचा खर्च ६,००० रुपये आणि त्यानंतर प्रत्येक फलकाचा खर्च ५० रुपये धरला, तर १,००० फलकांच्या मागणीत एक फलक ५६ रुपयांना पडतो, १०० फलकांत ११० रुपयांना आणि १० फलकांत ६५० रुपयांना. दहा नग मागणाऱ्याने मोजलेल्या रकमेपैकी नऊ दशांशांहून अधिक रक्कम फलकाची नसून तयारीची असते. लहान मागणी कारखान्यांना नकोशी वाटे ती याच कारणाने, ग्राहक लहान म्हणून नव्हे.

यंत्रांतील दोन बदलांनी या तयारीचा मोठा भाग नाहीसा केला. प्रकाशसंवेदी लेपावर लेसरने थेट चित्र उमटवणारी यंत्रे आल्यावर फिल्मची गरज कमी झाली. दुसरे म्हणजे, सुयांच्या साच्याऐवजी काही मोजक्या हलत्या सुया फलकावर एकामागून एक बिंदूंना स्पर्श करून जोडण्या तपासू लागल्या. प्रत्येक फलकामागे या चाचणीस अधिक वेळ लागतो, म्हणून हजारो नगांना साचाच परवडतो. परंतु दहा नगांसाठी वेगळा साचा बनवावा लागत नाही हा लाभ निर्णायक ठरला.

सामायिक पत्रा

तरीही अर्धा-अधिक रिकामा पत्रा यंत्रातून नेणे कारखान्याला परवडत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे वेगवेगळ्या ग्राहकांचे फलक एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी मांडणे. १०० मिलिमीटर बाजूचे चौरस फलक कडेची जागा सोडून एका पत्र्यावर सुमारे वीस बसतात. म्हणजे पाच-पाच नग मागणारे चार ग्राहक मिळून एक पत्रा भरतो आणि खर्च चौघांत विभागला जातो. सार्वजनिक वाहनाने प्रवास करण्यासारखीच ही व्यवस्था आहे. भाडे थोडे पडते, पण गाडी कोणत्या मार्गाने जाणार हे एका प्रवाशाला ठरवता येत नाही. एकत्र येणाऱ्या सर्व फलकांची जाडी, तांब्याचा थर, लेपाचा रंग आणि उघड्या तांब्यावरील अंतिम मुलामा समान असावा लागतो. म्हणूनच १.६ मिलिमीटर जाडी, ३५ मायक्रोमीटर तांबे आणि हिरवा लेप हा संच सर्वांत स्वस्त मिळतो. जाडी ०.८ मिलिमीटर किंवा तांबे दुप्पट हवे असे म्हणताच फलक सामायिक पत्र्यावरून बाहेर पडतो आणि किंमत एकदम चढते.

हीच कल्पना सिलिकॉन चिप्सच्या क्षेत्रात याआधी यशस्वी झाली होती. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झालेल्या मॉसिस या सेवेने विद्यापीठांतील अनेक गटांचे आराखडे एकाच सिलिकॉन चकतीवर बनवून देण्यास आरंभ केला. फलकांच्या बाबतीत बेल्जियममधील युरोसर्किट्ससारख्या युरोपीय कंपन्यांनी सामायिक पत्र्याची पद्धत उद्योगांसाठी विकसित केली, तर बल्गेरियातील ऑलिमेक्स ही कंपनी छंदी लोकांना परिचित झाली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील स्पार्कफन या घटकविक्रेत्या कंपनीने ‘बॅचपीसीबी’ ही सेवा चालवली. २०१३ मध्ये ती ओश पार्क या सेवेकडे सोपवण्यात आली. ओश पार्कचे मूळ ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड येथील छंदी मंडळींच्या सामूहिक मागणीत आहे. जांभळा लेप, प्रत्येक आराखड्याच्या तीन प्रती आणि चौरस इंचावर ठरणारा दर ही तिची वैशिष्ट्ये. वर्गणी काढून पत्रा घ्यावा आणि वाटून घ्यावा, असा हा साधा व्यवहार होता.

यापुढील मोठा बदल चीनमधील शेन्झेन आणि परिसरातील कारखान्यांनी घडवला. जेएलसीपीसीबी, पीसीबीवे यांसारख्या कंपन्यांनी फाइल स्वीकारणे, किंमत सांगणे, प्राथमिक तपासणी आणि पत्र्यावरील मांडणी ही कामे बऱ्याच अंशी संगणकाकडे दिली. १०० × १०० मिलिमीटरच्या आतील दुहेरी फलकाचे पाच नग अवघ्या काही डॉलरांत मिळू लागले आणि फलकांपेक्षा टपालखर्च अधिक अशी स्थिती आली. या दरपत्रकाचा परिणाम आराखड्यांवरही झाला आहे. दहा सेंटिमीटरची मर्यादा तांत्रिक नसून किमतीच्या टप्प्याची आहे. तरी तिच्या आत राहण्यासाठी मंडलाची मांडणी बदलणे किंवा एकाचे दोन फलक करणे ही नित्याची गोष्ट झाली. किमान नगसंख्या पाच असल्याने एकच फलक हवा असणाऱ्याच्या कपाटात चार उरतात, हा या व्यवस्थेचा फारसा बोलला न जाणारा अपव्यय होय.

आराखडा

आराखड्याची सुरुवात मंडलाच्या आकृतीने होते. तीत कोणते घटक आहेत आणि कोणाचे कोणते टोक कोणाला जोडलेले आहे एवढेच असते. पुढे प्रत्येक घटकाला त्याचा ‘फुटप्रिंट’, म्हणजे फलकावर त्याच्या पायांसाठी लागणाऱ्या तांब्याच्या पॅडचा व छिद्रांचा नकाशा, नेमून दिला जातो. नंतर घटकांची प्रत्यक्ष जागा ठरते आणि शेवटी वाटा काढल्या जातात. अनुभवी आराखडाकार वाटांपेक्षा घटकांच्या मांडणीवर अधिक वेळ घालवतात, कारण मांडणी चांगली असेल तर वाटा सहज सुटतात आणि ती वाईट असेल तर कितीही कौशल्य अपुरे पडते.

या कामासाठीच्या संगणक आज्ञावली एकेकाळी महाग होत्या. जर्मनीतील कॅडसॉफ्ट कंपनीची १९८८ मध्ये आलेली ‘ईगल’ तिच्या मर्यादित विनामूल्य आवृत्तीमुळे विद्यार्थी आणि छंदी वर्गात पसरली. २०१६ मध्ये ती ऑटोडेस्क कंपनीने घेतली आणि पुढे स्वतंत्र ईगल बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या फाइली बंद होणाऱ्या आज्ञावलीत अडकण्याच्या भीतीने अनेकजण मुक्त स्रोत आज्ञावलींकडे वळले. त्यांत प्रमुख असलेली ‘किकॅड’ १९९२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथील ज्याँ-पिएर शारा यांनी सुरू केली. कालांतराने सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने तिच्या विकासात भाग घेतल्याने ती व्यावसायिक दर्जाला पोहोचली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने तयार केलेली ‘ईसिम’ ही आज्ञावली किकॅड आणि एनजीस्पाइस यांवर आधारलेली असून तीत मंडलाचे अनुकरण व फलकाचा आराखडा या दोन्ही गोष्टी करता येतात.

वाटांची रुंदी व त्यांतील अंतर कारखान्याच्या क्षमतेत बसावे लागते. स्वस्त दरात साधारणपणे ०.१५ मिलिमीटर रुंदी व तेवढेच अंतर, तसेच ०.३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र सहज मिळते. मात्र शक्य असलेली किमान रुंदी सर्वत्र वापरणे शहाणपणाचे नसते. जागा असेल तेथे रुंद वाट ठेवल्यास निर्मितीतील थोडी चूक खपते आणि हाताने डाख देणेही सोपे होते. प्रवाहाचा विचार वेगळा करावा लागतो. ३५ मायक्रोमीटर जाडीच्या बाहेरील थरात १ अँपिअर प्रवाहासाठी, तापमानवाढ १० अंश सेल्सियसच्या आत ठेवायची तर सुमारे ०.३ मिलिमीटर रुंदी धरली जाते. २३० व्होल्टचा घरगुती वीजपुरवठा फलकावर येत असल्यास त्या भागात आणि हात लागू शकणाऱ्या भागात कित्येक मिलिमीटरांचे अंतर सोडावे लागते. हे अंतर सुरक्षा मानकांतून घ्यावे, अंदाजाने ठरवू नये. आज्ञावलीतील नियमतपासणी वाटांमधील अंतर मोजते, परंतु कोणती वाट जिवावर बेतणारी आहे हे नियमांत सांगितल्याशिवाय तिला कळत नाही.

दुहेरी फलकात खालची बाजू शक्य तितकी अखंड ठेवून तिला शून्य विभवाला जोडणे आणि प्रत्येक संकलित मंडलाच्या पुरवठा टोकाला अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र ठेवणे, या दोन सवयींनी लहान मंडलांतील अस्थिरतेच्या पुष्कळ तक्रारी टळतात. दुसरी सवय आकृतीत पाळली असे वाटून अनेकदा फलकावर मोडली जाते. आकृतीत धारित्र कोठेही काढले तरी जोडणी तीच दिसते. फलकावर ते तीन सेंटिमीटर दूर गेले की त्याचा उपयोग बव्हंशी संपतो.

गर्बर फाइल

कारखान्याला आराखडा दिला जातो तो प्रायः गर्बर रूपातील फाइलींच्या संचाने. व्हिएन्नात जन्मलेले आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले संशोधक जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने फिल्मवर प्रकाशाच्या ठिपक्याने चित्र काढणारी यंत्रे बनवली. त्या यंत्रांना द्यावयाच्या आज्ञा हेच या रूपाचे मूळ. जुन्या रूपात ठिपक्यांच्या आकारांची यादी वेगळी पाठवावी लागे आणि ती चुकल्यास संपूर्ण फलक बिघडे. पुढे आलेल्या विस्तारित रूपात ही यादी फाइलमध्येच समाविष्ट झाली. आज या रूपाची व्याख्या बेल्जियममधील उकॅमको ही कंपनी सांभाळते. तांब्याचा प्रत्येक थर, दोन्ही बाजूंचा लेप, अक्षरे आणि फलकाची बाह्यरेषा यांसाठी स्वतंत्र फाइल असते; छिद्रांची फाइल वेगळ्या रूपात दिली जाते.

गर्बर फाइल हे चित्र आहे, मंडल नव्हे, ही गोष्ट नवख्यांना उशिरा उमगते. तांबे कोठे असावे एवढेच तीत असते. ते तांबे कोणत्या ट्रान्झिस्टरच्या कोणत्या टोकाला जाणार, याची तीत गंधवार्ताही नसते. कारखान्यातील विद्युत् चाचणी तयार फलकाची तुलना याच चित्राशी करते. त्यामुळे चुकीचा आराखडा अचूकपणे बनला, तर तो चाचणीत उत्तीर्ण होतो आणि ‘चाचणी झालेला’ असा शिक्का घेऊन ग्राहकाकडे येतो. यात कारखान्याचा दोष नसतो.

नेहमीच्या चुका

लहान मागण्यांत वाया जाणाऱ्या फलकांची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. सर्वांत परिचित चूक ट्रान्झिस्टरच्या पायांच्या क्रमाची. सपाट बाजू समोर धरली असता बीसी५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय डावीकडून संग्राहक, पाया, उत्सर्जक या क्रमाने येतात. २एन३९०४ मध्ये ते उत्सर्जक, पाया, संग्राहक असे असतात. दोघांचे बाह्य रूप सारखे आणि बऱ्याच मंडलांत ते एकमेकांच्या जागी चालण्यासारखेही, म्हणून आराखड्यात एक व दुकानातून दुसरा आला की मंडल बंद पडते. येथे सुदैवाने ट्रान्झिस्टर उलटा बसवून काम भागते. जोडणीपट्टीचा फुटप्रिंट आरशातील प्रतिमेसारखा उलटा झाला असेल, तर मात्र ती फलकाच्या दुसऱ्या बाजूस बसवण्यावाचून गत्यंतर नसते.

मापांचा घोळही जुनाच आहे. पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर असताना २.५ धरले, तर फरक नगण्य वाटतो. परंतु २० पायांच्या पट्टीत शेवटच्या पायापर्यंत तो ०.७६ मिलिमीटर होतो आणि पट्टी छिद्रांत जात नाही. याशिवाय छिद्रांची फाइल पाठवण्यास विसरणे, बाह्यरेषा चुकीच्या थरावर असणे, पेटीच्या स्क्रूचे डोके एखाद्या वाटेवर दाबले जाणे, हे प्रकार वारंवार घडतात.

यांवरचे उपाय साधे आहेत. आराखडा कागदावर मूळ मापात छापावा आणि प्रत्यक्ष घटक त्यावर ठेवून पाहावेत. पायांची छिद्रे टाचणीने पाडून जोडणीपट्टी कागदातून घातली की मापाची चूक पाच मिनिटांत दिसते. यासाठी घटक आधी विकत आणणे आवश्यक असते आणि नेमके तेच टाळले जाते. गर्बर फाइली ज्या आज्ञावलीत तयार झाल्या तिच्याऐवजी दुसऱ्या एखाद्या दर्शक आज्ञावलीत उघडून पाहाव्यात. आकृती दुसऱ्या व्यक्तीला वाचायला द्यावी, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसणे अवघड असते.

पहिली आवृत्ती अंतिम ठरेल असे गृहीत न धरणे हा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे. पाच फलकांत चूक निघाली तर थोडे पैसे आणि दोन आठवडे जातात. चुकीची वाट धारदार पात्याने तोडून वरून बारीक तार जोडता येते आणि बाकीचे मंडल तपासून घेता येते. घटक बसवलेल्या दोनशे फलकांत तीच चूक निघाली, तर घटकांचे मूल्य फलकांच्या कित्येक पट असल्याने लहान उद्योगाची वर्षभराची शिल्लक जाऊ शकते. प्रकल्प सादर करण्याच्या तारखेआधी जेमतेम दोन आठवडे फलक मागवणाऱ्या विद्यार्थ्याला तर पहिलीच आवृत्ती मिळते, दुसरी नाही. अशा वेळी महत्त्वाच्या घटकांभोवती जादा चाचणी-बिंदू आणि पर्यायी जोडण्यांसाठी रिकामी पॅड ठेवणे उपयोगी पडते.

कारखान्यातील प्रक्रिया

फलकाचा पाया बहुधा एफआर-४ या पदार्थाचा, म्हणजे काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी राळ यांचा असतो. दुहेरी फलकात प्रथम छिद्रे पाडतात. नंतर रासायनिक क्रियेने छिद्रांच्या भिंतीवर तांब्याचा अतिशय पातळ थर देऊन विद्युत् विलेपनाने तो वाढवतात. प्रकाशसंवेदी पापुद्र्यावर वाटांचे चित्र उमटवून नको असलेले तांबे विरघळवले जाते. संरक्षक लेप, अक्षरे आणि अंतिम मुलामा देऊन पत्रा कापला जातो. अंतिम मुलाम्यात वितळलेल्या कथलाचा थर स्वस्त असतो. निकेलवर सोन्याचा पातळ थर महाग, पण अधिक सपाट असतो. म्हणून अगदी बारीक पायांच्या घटकांसाठी तो निवडतात. चार किंवा अधिक थरांच्या फलकात आतील थर आधी बनवून उष्णता व दाबाखाली एकत्र चिकटवले जातात.

घटकांची जोडणी

छिद्रांतून पाय जाणारे घटक हाताने जोडता येतात. पृष्ठभागावर बसणाऱ्या घटकांसाठी पातळ पोलादी पत्र्याचा छिद्रांकित स्टेन्सिल फलकावर ठेवून डाखाचा लगदा पुसतात, चिमट्याने घटक मांडतात आणि फलक तापवतात. कथिल-शिशाचा ६३:३७ प्रमाणातील डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो. शिसेविरहित प्रचलित मिश्रधातूला सुमारे २१७ अंश लागतात. वीस-तीस फलक या रीतीने एका दिवसात होतात.

त्याहून अधिक नगांसाठी घटक उचलून ठेवणारे यंत्र लागते आणि येथे पूर्वतयारीचा खर्च पुन्हा डोके वर काढतो, कारण प्रत्येक प्रकारच्या घटकाची पट्टी यंत्रावर चढवावी लागते. काही कारखाने नेहमीच्या घटकांच्या पट्ट्या यंत्रावर कायम ठेवतात आणि त्या यादीबाहेरील प्रत्येक प्रकारासाठी वेगळे शुल्क घेतात. आराखडाकार मग ४.७ किलोओहमचे रोधक यादीत नसल्यास १० किलोओहमवर भागते का हे पाहू लागतो. जोडणीसाठी घटकांची यादी आणि प्रत्येकाचे स्थान व कोन सांगणारी फाइल द्यावी लागते. कोनाची शून्य दिशा आज्ञावली आणि कारखाना यांनी वेगळी धरलेली असल्यास संकलित मंडले ९० किंवा १८० अंशांनी फिरून बसतात; म्हणून कारखान्याने पाठवलेले मांडणीचे चित्र प्रत्येक घटकाच्या पहिल्या पायाची खूण पाहूनच मान्य करावे लागते. २०२० ते २०२२ या काळातील चिप्सच्या तुटवड्यात फलक तयार, पण मुख्य चिप कोठेच उपलब्ध नाही अशी वेळ अनेक लहान उत्पादकांवर आली. तेव्हापासून घटक हाती आल्याखेरीज फलकाची मागणी न देण्याची सवय वाढली.

भारतातील स्थिती

सुट्या घटकांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर हे जुने बाजार आहेत. फलकांच्या बाबतीत गुजरातमधील पीसीबी पॉवर आणि बंगळूरमधील लायन सर्किट्स यांसारख्या कंपन्या लहान मागण्या संगणकाद्वारे स्वीकारतात. चीनमधून मागवल्यास फलकाच्या किमतीत टपालखर्च, सीमाशुल्क, एकात्मिक वस्तू व सेवा कर आणि कुरियर कंपनीचे हाताळणी शुल्क मिळवावे लागते. शिवाय मार्च २०२४ मध्ये भारताने चीन व हाँगकाँगमधून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या फलकांवर अँटी-डंपिंग शुल्क लावले असून त्याचे दर निर्मात्यानुसार वेगळे आहेत. संकेतस्थळावर दिसलेली काही डॉलरांची किंमत आणि दारात पडलेली किंमत यांत त्यामुळे मोठी तफावत असते.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या २२,९१९ कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक घटक निर्मिती योजनेत बहुथरी फलकांचा समावेश आहे. अशा योजनांचा रोख मोठ्या गुंतवणुकीवर असतो. दहा नग मागणाऱ्या ग्राहकाची अडचण, म्हणजे मागणी स्वीकारणारी आणि पत्रा वाटून देणारी व्यवस्था, त्यांतून आपोआप सुटत नाही. लहान कार्यशाळांना विलेपनाची प्रक्रिया स्वतः करणेही सोपे नाही, कारण तिच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते.

मोजक्या नगांची गरज किती खरी असू शकते याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजेच ‘जीएमआरटी’त सापडते. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेनावरील यंत्रणेत एखादा विशेष फलक एक किंवा दोन लागला, तरी सुट्या भागांसह संख्या शंभराच्या आसपास थांबते. ही संख्या बाजारातील तयार वस्तू मिळण्यास फार थोडी आणि हाताने तारा जोडत बसण्यास फार मोठी आहे. शिवाय अशी उपकरणे दशकानुदशके चालवायची असल्याने फलकाच्या मूळ फाइली, घटकांची यादी आणि आवृत्तीचा क्रमांक जपणे हा निर्मितीचाच भाग ठरतो.

गोपनीयता आणि खुले आराखडे

गर्बर संच हाती आलेल्या कोणालाही तो फलक पुन्हा बनवता येतो. घटकांची यादीही दिली असल्यास संपूर्ण उपकरणाची प्रतिकृती शक्य होते. केवळ सूक्ष्मनियंत्रकातील आज्ञावली वेगळी राहते. त्यामुळे काही उत्पादक फलक एका ठिकाणी व जोडणी दुसऱ्या ठिकाणी करून घेतात. याउलट खुल्या हार्डवेअरच्या परंपरेत आराखडे मुद्दाम प्रसिद्ध केले जातात. इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पाने आपल्या फलकांचे आराखडे खुले ठेवले, परंतु नाव राखून ठेवले. भारतीय बाजारात त्याच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात त्या याच मोकळिकीमुळे. सर्नने २०११ मध्ये खुल्या हार्डवेअरसाठी स्वतंत्र परवाना प्रसिद्ध केला. असा परवाना असलेला आराखडा घेऊन त्यात आपल्या गरजेपुरता बदल करणे आणि पाच नग मागवणे, हा अनेक विद्यार्थ्यांचा या क्षेत्रातील पहिला अनुभव असतो.